जमिनीखालचं सगळंच मूळ नसतं

शाळेतल्या तक्त्यावरचं झाड अगदी शिस्तीत उभं असतं. जमिनीची आडवी रेघ, तिच्याखाली मूळ, वर खोड, खोडाला पानं, टोकाला एखादं फूल, जागा उरली तर एक फळ. मुलं ते वहीत काढतात, बाण काढून नावं देतात, गुण मिळवतात. त्यातून एक समज मात्र डोक्यात घट्ट बसतो: जमिनीखाली असतं ते मूळ, वर असतं ते बाकीचं सगळं. हा समज चुकीचा आहे, आणि तो दूर करायला पुण्यात महात्मा फुले मंडईइतकी चांगली जागा नाही.

ही मंडई १८८६ साली सुरू झाली. तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. घाऊक व्यापार केव्हाच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, पण मधल्या अष्टकोनी मनोऱ्याभोवतीच्या गाळ्यांवर किरकोळ भाजी अजून रचलेली असते. वनस्पतीचा कोणताही अवयव असा नाही जो इथे विकायला येत नाही. मूळ, खोड, पान, कळी, फूल, फळ, बी, सगळं इथे आहे. फक्त ते ओळखण्याची खूण वेगळी आहे. एखादा भाग झाडावर कुठे होता किंवा दिसतो कसा, यावरून तो कोणता अवयव आहे हे ठरत नाही. तो कशातून वाढला, त्याला काय फुटतं आणि झाडासाठी तो कोणतं काम करतो, यावरून ते ठरतं.

जमिनीखालून आलेल्या चार गोष्टी एका पिशवीत घ्या: बटाटा, रताळं, कांदा आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगा. चारही मातीतून काढलेल्या, आणि चारही वेगवेगळे अवयव.

बटाटा हे खोड आहे. त्याच्या अंगावरचे डोळे नीट बघा. खोडाला ठरावीक अंतरावर पेरं असतात, पेरावर पान येतं आणि पानाच्या बगलेत कळी असते. बटाट्याचा प्रत्येक डोळा म्हणजे असं एक पेर. डोळ्याची किंचित उंच कड ही तिथे आलेल्या खुरट्या पानाची खूण, आणि खोलगट भागात कळ्या दडलेल्या. एका डोळ्यापासून जवळच्या डोळ्याकडे पेनानं रेघ ओढत गेलात तर ती मळसूत्रासारखी बटाट्याभोवती फिरते, कारण फांदीवर पानं ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं हे डोळे आलेले असतात. मुळाला पेरं नसतात, त्यामुळे असा क्रमही नसतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. बेण्याचे तुकडे करताना तो प्रत्येक तुकड्यात डोळा राहील असं कापतो. पुढे पिकाला मातीची भर देतो तीही याच कारणानं. बटाट्याच्या झाडाच्या बुडातून आडव्या फांद्या निघतात आणि त्यांची टोकं अंधारात फुगून बटाटे होतात. तीच फांदी उजेडात आली तर ती वर वळते, तिला हिरवी पानं फुटतात आणि ती साधी फांदी होते. घरात उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो तेव्हाही त्याच्यातलं खोडपणच दिसत असतं. त्या हिरव्या भागात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं, म्हणून तो भाग काढून टाकावा, आणि फार हिरवा असेल तर बटाटाच टाकून द्यावा.

आलं, हळद, सुरण, अळकुडी ही सगळी बटाट्याचीच भावंडं, म्हणजे जमिनीखालची खोडं. आल्यावरच्या गोल कड्या म्हणजे पेरं. हळदीचा जेठा गड्डा म्हणजे मुख्य खोड आणि हळकुंडं म्हणजे त्याच्या फांद्या.

रताळं मात्र खरंखुरं मूळ आहे. त्याला क्रमानं येणारे डोळे नाहीत, पानांच्या खुणा नाहीत, आणि ते उजेडात ठेवलं तरी सहसा हिरवं होत नाही. बटाट्यासारखे रताळ्याचे तुकडे करून शेतात लावत नाहीत, लागवडीला वेलाचे तुकडे वापरतात. गाजर, मुळा, बीट हीही मुळंच. गाजराच्या अंगावर बारीक तंतू उभ्या ओळींमध्ये आलेले दिसतात, ती त्याची उपमुळं. गाजर आडवं कापलं की मध्ये एक फिकट गाभा आणि भोवती गडद गर दिसतो. गाभ्यातून पाणी वर चढतं, आणि पानांत तयार झालेली साखर बाहेरच्या गरातून खाली येऊन साठते.

साठवण हे मुळाचं जादाचं काम. मूळ कामं दोन: झाडाला मातीत धरून ठेवणं आणि पाणी-क्षार शोषणं. शोषण सगळ्या मुळाकडून सारखं होत नाही. कोवळ्या टोकाच्या मागे काही मिलिमीटरच्या पट्ट्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, ते मूलरोम, आणि बहुतेक शोषण तिथे होतं. वांग्याचं किंवा मिरचीचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की दोन-तीन दिवस माना टाकतं, कारण उपटताना नेमके हे तंतू तुटतात. मेथीची जुडी मुळांसकट मिळाली तर मुळं धुऊन बघा. कधी कधी त्यांवर मोहरीहून लहान गाठी सापडतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात.

आणि मूळ जमिनीवरही असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या वडांच्या पारंब्या म्हणजे फांद्यांपासून निघालेली मुळंच. मातीला टेकल्या की त्या जाड होतात आणि फांद्यांना आधार देतात. पेठांतल्या पडक्या वाड्यांच्या भिंतीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी रुजतं. त्याचं मूळ विटांच्या सांधीतून पाण्याच्या शोधात कितीही लांब जातं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे आपल्या शहरात वारंवार सांगायची वेळ येते. पदपथ बांधताना बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलं की खालच्या मुळांना ना पाणी मिळतं ना प्राणवायू. झाड लगेच मरत नाही, म्हणून त्याचा दोष कुणी सिमेंटला देत नाही. बुंध्याभोवती मातीचं मोकळं आळं ठेवायला फार खर्च येत नाही.

आता कांदा. तो बुडापासून शेंड्यापर्यंत उभा कापा. अगदी तळाशी एक चपटी, कडक चकती दिसेल. आपण ती भाजी चिरताना फेकून देतो. कांद्याचं सगळं खोड तेवढंच. तिच्या खालून मुळांचा झुबका निघतो आणि वरून पाकळ्यांसारखे पदर निघतात. हे पदर म्हणजे पानांचे बुंधे, आणि त्यांतच झाडाचा साठा असतो. कांद्याची पात आणि कांदा हे एकाच पानाचे दोन भाग, वरचा हिरवा भाग अन्न तयार करणारा आणि खालचा पांढरा भाग ते ठेवणारा. कांदा पोसला की पात मऊ पडून वाकते, शेतकरी त्याला माना पडणं म्हणतात, आणि तीच काढणीची खूण. सर्वांत बाहेरचे पदर वाळून कागदासारखे होतात आणि आतला ओलावा राखतात. मधोमध कोंब असतो. चाळीत ठेवलेला कांदा दिवस भरले की आपणहून फुटतो तो तिथून.

बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो निळाकाळा होतो, कांद्यावर होत नाही, कारण बटाटा आपला साठा पिष्टाच्या रूपात ठेवतो आणि कांदा साखरेच्या वेगवेगळ्या रूपांत. कांद्याचा डोळ्यांत झोंबणारा वायू आधीपासून तयार नसतो. पेशी फुटल्यावर आतली दोन वेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि मग तो तयार होतो. कुरतडणाऱ्या प्राण्यापासून साठा वाचवण्याची ती सोय आहे. कांदा हा साठा स्वतःच्या फुलांसाठी करतो. पहिल्या हंगामात कांदा, पुढच्या हंगामात त्यातून फुलांचा दांडा आणि बी. हवामान बिघडलं की हा दांडा पहिल्याच हंगामात येतो, त्याला डेंगळे येणं म्हणतात, आणि असा कांदा टिकत नाही. पुणे जिल्ह्यातच, राजगुरुनगरला, कांदा आणि लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिनं काढलेल्या कांद्याच्या वाणांना भीमा नदीचं नाव दिलेलं आहे. लसणाची गोष्ट कांद्याहून थोडी निराळी. लसणाची प्रत्येक पाकळी ही एक स्वतंत्र कळी असते, एका फुगलेल्या पानात लपेटलेली. म्हणून एकेक पाकळी लावली तरी पूर्ण झाड येतं.

भुईमुगाची शेंग जमिनीखाली वाढली तरी ती फळ आहे. तिचं पिवळं फूल जमिनीवर, पानांच्या बगलेत उमलतं. फलन झालं की फुलाच्या बुडातून एक दांडी निघते आणि मातीकडे वाढत जाते. शेतकरी तिला आरी म्हणतात. आरी मातीत शिरली की टोकाचा अंडाशय फुगून शेंग होते. माती कडक असली आणि आरीला आत जाता आलं नाही, तर शेंग धरत नाही. म्हणून आऱ्या सुटल्यावर भुईमुगात खोल कोळपणी करत नाहीत.

आषाढी एकादशीच्या किंवा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात. उपवासाच्या ताटाकडे एकदा या नजरेनं बघा: बटाटा खोड, रताळं मूळ, सुरण खोड, शेंगदाणा बी, राजगिरा बी, वरी बी, आणि साबुदाणा म्हणजे टॅपिओका नावाच्या झाडाच्या मुळातलं पिष्ट. झाडानं पुढच्या पिढीसाठी किंवा पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेला साठा आपण त्या दिवशी खातो. म्हणूनच एवढ्याशा खाण्यावर दिवस निघतो.

हा साठा तयार होतो पानांत. मुळांनी आणलेलं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून पान सूर्यप्रकाशाच्या जोरावर साखर तयार करतं. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू या क्रियेत पाण्याच्या रेणूमधून सुटलेला असतो. हरितद्रव्य हे काम करतं म्हणून पान हिरवं, आणि जास्तीत जास्त प्रकाश मिळावा म्हणून ते पसरट. हवा आत-बाहेर जाण्यासाठी पानाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला जास्त. ही पर्णरंध्रं उघडली की हवा आत येते, पण त्याच वेळी आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मुळांनी शोषलेल्या पाण्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग असा उडून जातो. हे वाया गेलेलं पाणी नव्हे. त्याच्या ओढीनंच खालचं पाणी शेंड्यापर्यंत चढतं आणि पानही थंड राहतं.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा मंडईत कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओलं गोणपाट दिसतं. जुडी उपटली की मुळांचा पुरवठा थांबतो, पण पानांतून पाणी उडणं चालूच राहतं. पेशी पाण्यानं फुगलेल्या असतात तोवर पान ताठ असतं. पाणी कमी झालं की ते लोंबतं. पाणी शिंपडणाऱ्या भाजीवाल्या मावशी पानांभोवतीची हवा दमट ठेवत असतात, आणि दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं. घरी आणलेली कोथिंबीर मुळांसकट पेलाभर पाण्यात उभी ठेवली तर बराच वेळ टवटवीत राहते, हा अनुभव पुष्कळांना आहे.

पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बेलाला तीन पानं असतात असं आपण म्हणतो. खरं तर ते एकच पान, तीन पर्णिकांचं. मेथीचंही तसंच. कढीपत्त्याची जी दहा-वीस पानांची काडी आपण फोडणीसाठी ओरबाडतो ती सगळी काडी मिळून एक पान. शेवग्याचं पान तर हातभर लांबीचं असतं, त्यातले हिरवे ठिपके म्हणजे त्याच्या पर्णिका. हे ठरवायचं कसं? कळी शोधायची. पानाच्या बगलेत, जिथे देठ फांदीला मिळतो तिथे, कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. ही एक खूण हातात आली की एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा वेताळ टेकडीवर फिरताना अनोळखी झाडही तुमच्याशी बोलू लागतं. अळूचं पान घशाला सुटणाऱ्या खाजेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात, आणि तेही पान खाणाऱ्यांपासूनचं संरक्षणच. म्हणून अळू नीट शिजवतात आणि फदफद्यात चिंच घालतात.

पान आणि मूळ यांच्यामध्ये वाहतूक सांभाळतं ते खोड. बालभारतीच्या पुस्तकांत शिकलेले जलवाहिनी आणि रसवाहिनी हे दोन शब्द आठवत असतील. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या, त्यांतून पाणी फक्त वर जातं. रसवाहिन्या जिवंत असतात आणि साखर लागेल तिकडे नेतात, मुळांकडे, फळांकडे, कोवळ्या शेंड्यांकडे. निशिगंधाची ताजी पांढरी काडी तिरपी कापून खाण्याच्या रंगाच्या पाण्यात ठेवा, काही तासांत रंग फुलांपर्यंत चढलेला दिसेल. झाडांत रसवाहिन्या सालीलगत असतात. बुंध्याची साल सभोवार गोल काढली तर पाणी वर जात राहतं, पानं काही काळ हिरवी राहतात, पण मुळांना साखर पोचत नाही आणि ती उपाशी मरतात. रस्त्याकडेच्या झाडाला आवळून बांधलेली तार, वर्षानुवर्षं तशीच राहिली तर, हेच करते.

केळीचं खोड मात्र डोळ्यांना फसवतं. पूजेला दाराशी बांधतो तो केळीचा खांब खोड नव्हे. आडवा कापला तर तो गुंडाळलेल्या चटईसारखा दिसतो: एकात एक घट्ट बसलेले पानांचे बुंधे. खरं खोड जमिनीखालच्या गड्ड्यात असतं. केळ विण्याच्या वेळी ते त्या बुंध्यांच्या मधून वर सरकतं आणि टोकाला केळफूल घेऊन बाहेर येतं. घड दिला की ते झाड संपतं, आणि गड्ड्यापासून निघालेले मुनवे पुढे वाढतात.

खोड, कळी, पान आणि फूल यांतलं नातं समजून घ्यायला कोबीच्या गाळ्यावर थांबावं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल या चार भाज्या एकाच जातीच्या आहेत. युरोपच्या समुद्रकाठच्या कड्यांवर वाढणाऱ्या रानटी कोबीपासून माणसानं निवडीनं त्या घडवल्या. नवलकोलमध्ये फुगलं ते खोड. त्याच्या गोळ्यावर पानं गळाल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. कोबीचा गड्डा ही एक प्रचंड मोठी शेंड्याची कळी. तो उभा कापा: मध्ये पांढरं आखूड खोड, त्यावर दाटीनं आलेली पानं, आणि नीट पाहिलंत तर काही पानांच्या बगलेत इवल्या कळ्या. ब्रोकोलीत फुलांच्या कळ्या असतात, दोन दिवस बाहेर ठेवली तर पिवळी फुलं उमलायला लागतात. फ्लॉवर सर्वांत नवलाचा. त्याच्या पांढऱ्या गड्ड्यात फुलं नसतातच. फूल होण्याच्या वाटेवर निघालेले शेंडे मध्येच थबकतात, आणि फूल होण्याऐवजी तसेच आणखी शेंडे काढत राहतात. २०२१ साली फ्रान्समधल्या संशोधकांच्या गटानं ‘सायन्स’ नियतकालिकात यामागचं जनुकांचं गणित मांडलं. फ्लॉवर उलटा न धरता वरून बघितला, तर त्याच्या तुऱ्यांच्या मळसूत्री रांगा दोन्ही दिशांना फिरताना दिसतात. बटाट्याच्या डोळ्यांत दिसतो तसाच हाही पानांच्या मांडणीचाच क्रम आहे.

फुलात चार मंडलं असतात. बाहेर निदलपुंज, मग रंगीत दलपुंज, मग परागकण देणारं पुमंग आणि मधोमध अंडाशय असलेलं जायांग. जास्वंदीत चारही एका नजरेत दिसतात, म्हणून शाळेत तिचीच निवड होते. दसऱ्याला मंडईच्या आसपास झेंडूचे डोंगर लागतात. झेंडूचं एक फूल म्हणजे पुष्कळ फुलांचा समूह. एक ‘पाकळी’ उपटून तिचं बूड बघा, तिथे तिचा स्वतःचा अंडाशय असतो, वाळला की त्याचंच बी होतं. केळफूल सोलताना प्रत्येक लाल पानाखाली फुलांची एक फणी निघते. भाजीसाठी प्रत्येक फुलातून जो कडक दांडा आणि जो पापुद्रा काढतो, त्यांतला दांडा म्हणजे कुक्षीवृंत. भाजीवाल्याकडे येतो तो टोकाचा, नर फुलांचा भाग. मादी फुलं आधीच्या फण्यांत असतात, त्यांची केळी झालेली असतात. भोपळ्यातही नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या खाली बोटाएवढा भोपळा उमलण्याआधीपासून दिसतो. भज्यांसाठी फुलं तोडायची तर नर फुलं तोडावीत, आणि तीही सगळी नव्हे.

फलन झालं की अंडाशयाचं फळ होतं. भेंडी, गवार, काकडी, दुधी, कारलं, टोमॅटो, मिरची, वांगं ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं फळं. वांग्याची काटेरी हिरवी टोपी म्हणजे फुलाचा निदलपुंज. फूल गळालं, फळ वाढलं, तरी तो तिथेच राहिला आणि वाढला. भरली वांगी करताना टोपी ठेवतो तेव्हा फुलाचा एक भाग आपण तसाच पानात वाढतो. पुरंदरचं अंजीर तर फूल आणि फळ यांतला फरकच पुसून टाकतं. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अंजीर म्हणजे आत वळलेला एक मांसल देठ, आणि आत शेकडो बारीक फुलं. वड, पिंपळ, उंबर यांचंही तसंच, आणि त्या फुलांचं परागीभवन करायला आत शिरणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्याही आहेत, साधारणपणे प्रत्येक जातीची आपली वेगळी. पुरंदरच्या अंजिराला मात्र माशी लागत नाही. ते परागीभवनाशिवायच पिकतं.

बी म्हणजे डबा बांधून दिलेलं तयार झाड. मिसळीसाठी मटकी रात्री भिजवतो, मग फडक्यात बांधतो. मोड म्हणून बाहेर येतं ते आधी मूळ, पान नव्हे. पाण्याची सोय झाल्याखेरीज पान काढण्यात अर्थ नसतो. दाणा कसाही पडला तरी ते मूळ खालीच वळतं. त्याच्या टोकाच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात, ते गुरुत्वाकर्षणानं तळाशी बसतात, आणि त्यावरून खाली कोणतं हे मुळाला कळतं. सोललेल्या मटकीच्या दोन फाकांमध्ये, एका टोकाला, हा इवला अंकुर असतो. दोन्ही फाका ही त्याची पहिली पानं, अन्नानं भरलेली. डाळ म्हणजे त्यांतली एक फाक. भरडताना अंकुर निखळतो, म्हणून तूरडाळ कितीही भिजवली तरी तिला मोड येत नाहीत. भात पेरला तर उगवतो, पण मावळातला इंद्रायणी किंवा मुळशीचा आंबेमोहर तांदूळ होऊन आपल्या डब्यात आला की तो रुजत नाही, कारण गिरणीत कोंड्याबरोबर अंकुरही गेलेला असतो. तांदळाच्या एका कोपऱ्याला दिसणारी बारीक खाच ही त्या अंकुराची रिकामी जागा.

ही मंडई बांधायचं ठरलं तेव्हा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं. पुण्यातल्या शाळांना माझी विनंती आहे: पाचवी-सहावीच्या मुलांना वनस्पतीचे अवयव शिकवाल त्या आठवड्यात एक सकाळ त्यांना इथे आणा. सोबत भिंग, सुरी, आयोडीनची बाटली आणि पिशवी एवढंच घ्या. प्रत्येक भाजीला तीनच प्रश्न विचारू द्या: याला डोळे किंवा पेरं आहेत का, याच्या आत बिया आहेत का, आणि हे पुन्हा लावलं तर कुठून फुटेल. उत्तरं भाजीवाल्या मावशींकडून घ्या, त्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातल्या असतात. शाळेत परतल्यावर पाल्यासकट आणलेला एक मुळा, पाला थोडा कापून, कुंडीत अर्धा पुरा आणि बेतानं पाणी घाला. मुळा जगला तर दांडा येईल, चार पाकळ्यांची फुलं येतील, आणि मग डिंगऱ्या धरतील. त्यांतल्या काही तशाच वाळू द्या, म्हणजे पुढच्या वर्गाला पेरायला बी मिळेल.